दहाकाकूचं कोपर

गवंड्याचा उजवा खांदा चाळीस वर्षं गप्प होता. काम सुटल्यावर दुसऱ्याच वर्षी तो बोलायला लागला आणि एकदा तोंड उघडल्यावर थांबेना. सदऱ्याची बाही चढवायला लेकीला हाक मारावी लागायची. गोळ्या झाल्या, तेल झालं, शेकाची पिशवी झाली. शेवटी लेकीने कुठूनतरी ऐकलं, की सहा तासांच्या वाटेवर एका खेड्यात जमिनीतून उकळतं पाणी येतं आणि त्यात दहा दिवस बसलं की आखडलेले सांधे सुटतात. गवंडी म्हणाला, गरम पाण्यात बसायला सहा तास कशाला जायचं, घरात बादली आहे. लेक म्हणाली, बादलीत तुम्ही मावत नाही.

खेडं म्हणजे एकच रस्ता, दोन्ही बाजूंना पन्नास-साठ घरं, आणि रस्ता संपतो तिथे झऱ्याचं आवार. आवारात पाहुण्यांच्या पाच खोल्या, एक पंचे वाळवायची खोली, चिटणिसाची कचेरी आणि मधोमध तीन दगडी टाकी. एक पुरुषांचं, एक बायकांचं आणि एक छोटं, आजाऱ्यांनी एकेकट्याने बसायचं. लेकीने खोली लावून दिली, औषधांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या आणि संध्याकाळच्या बसने परत गेली. दहाव्या दिवशी न्यायला येणार होती. बसमध्ये चढता चढता तिने एवढंच बजावलं, "बाबा, इथल्या माणसांना काम शिकवू नका."

गवंड्याने मान डोलावली. पण दुसऱ्याचं काम बघत बसणं हा त्याचा एकच विरंगुळा होता, आणि त्यात खोट काढणं हे त्याचं एकच सुख.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो बाकावर येऊन बसला. त्याचा अंदाज होता, की इथली माणसं पंचा द्यायला एक हात पुढे करत असतील आणि बक्षिशीला दुसरा. दिसली ती साठी ओलांडलेली एक काटकुळी बाई. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बाह्या कोपराच्या वर गुंडाळलेल्या, एका हातात हातोडी, दुसऱ्यात चपटी छिन्नी. दगडी पन्हळीत वाकून ती काहीतरी तासत होती.

छिन्नी दिसल्यावर गवंडी उठलाच.

झरा कुंपणाच्या भिंतीमागे होता. तिथे पाणी इतकं कढत, की बोट बुडवायची सोय नाही. तिथून वीतभर रुंद पन्हळ निघून सरळ टाक्यांकडे यायची. पण त्या सरळ वाटेला डावीकडे पाच वेढे काढलेले होते, एकापुढे एक. प्रत्येक वेढ्याच्या तोंडाशी खाचेत बसवलेली एक जाड लाकडी फळी. फळी उचलली की पाणी त्या वेढ्यातून फिरून यायचं आणि फिरता फिरता निवायचं. फळी टाकली की सरळ यायचं, कढत. गार पाणी मिसळायची पद्धत तिथे नव्हती. झऱ्याचं पाणी झऱ्याच्याच पाण्यासारखं अंगाला लागायला हवं, असा तिथला दंडक. म्हणजे टाक्यातलं पाणी किती गरम हे सगळं पाच फळ्यांवर, आणि त्या फळ्या त्या बाईच्या हातात.

फळी कोरडी असताना बारा-तेरा किलोची असावी, असा गवंड्याने अंदाज बांधला. भिजून फुगलेली आणि खाचेत आवळलेली, म्हणजे उचलताना वीसला कमी नाही. बाई ती कमरेतून उचलत नव्हती. गुडघ्यात बसायची, फळी छातीशी घ्यायची आणि पायांच्या जोरावर उभी राहायची. हे तिला कुणीतरी शिकवलं असणार, किंवा पाठीनेच एकदा शिकवलं असणार. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत अशा चाळीसेक उचली. त्याने दुसऱ्या दिवशी मोजल्या. त्रेचाळीस भरल्या.

आणि तासत होती तो खार. पाणी निवताना पन्हळीला पिवळट पांढरा थर धरायचा, दिवसाला नखाएवढा जाड. चार दिवस हात लावला नाही तर पन्हळीचं तोंड अर्ध्यावर येईल. बाई रोज सगळी पन्हळ तासायची, वेढ्यांसकट तीनशे पावलांच्या वर. गवंड्याने वाकून दगड पाहिला. खार निघालेला होता आणि दगडावर छिन्नीचा एक ओरखडा नव्हता. छिन्नी ती आडवी धरायची, दगडाला जवळजवळ समांतर, आणि हातोडी मारायची ती मनगटातून, हलकी, एकाच मापाची. गवंड्याने आयुष्यात किमान तीस पोरांच्या हातात छिन्नी दिली होती. असं धरायला त्यांतले चार जण शिकले.

"किती वर्षं?" त्याने विचारलं.

"एकतीस. बाजूला व्हा, खपली डोळ्यात जाईल."

गवंडी बाजूला झाला. खोट काढायला आलेला माणूस खोट न सापडल्यामुळे जरा हिरमुसला, पण त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं.

या बाईला सगळं गाव दहाकाकू म्हणायचं. का, ते त्याला छोट्या टाक्यात उतरायची पाळी आली तेव्हा कळलं. माणूस आत उतरण्याआधी काकू काठावर गुडघे टेकायची, उजवं कोपर पाण्यात बुडवायची आणि मोठ्याने दहापर्यंत मोजायची. दहापर्यंत कोपर आत राहिलं तर पाणी बसण्याजोगं. आधी काढावं लागलं तर अजून एक फळी उचलायची आणि थांबायचं. भिंतीवर एक तापमापकही टांगलेला होता, पण त्याच्या काचेवर खार चढून तो पांढराफटक झाला होता आणि उन्हाळा-हिवाळा एकच आकडा दाखवायचा. चिटणिसाने दोनदा नवा आणायचं कबूल केलं होतं. कुणी मागे लागलं नाही, कारण कोपर होतं.

काकूची धाकटी जाऊ तिथेच पंचे धुवायची, फरशा पुसायची. पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, तोंडाने फटकळ. दोघींचे नवरे मागेपुढे गेलेले, मुलं शहरात. पंधरा वर्षं ती या आवारात होती आणि पंधरा वर्षांत जाऊबाईंनी तिला फळीला हात लावू दिला नव्हता. गवंड्याला ही हकीकत तिने पहिल्याच दिवशी, पंचा देता देता सांगून टाकली. "एकदा मी कोपर बुडवलं, तर म्हणाल्या, तुझ्या कोपराला घाई आहे. आता कोपराला कसली हो घाई? त्याला काय बस पकडायची असते?"

काकू ऐकत होती. ती म्हणाली, "तू दहा मोजतेस तेव्हा सातानंतर एकदम दहा येतो."

गवंडी हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, त्यामुळे खांदाही दुखला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाण्यात बसलेला असताना त्याने काकूला विचारलं, की एकतीस वर्षांत कधी कोपर चुकलं नाही का. काकू पन्हळीवर बसून छिन्नीला धार लावत होती. तिने मान वर केली नाही. तिच्या आधी इथे सासरा होता, ती म्हणाली. त्याने तिला फळ्या दिल्या त्या दिवशी एक अट घातली: ज्या दिवशी कोपर चुकेल, त्या दिवशी फळी सोडायची. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी. इथे येणारी माणसं म्हातारी, दुखणेकरी असतात. काहींची कातडी कागदासारखी असते, काहींना पायाखाली विस्तव ठेवला तरी कळत नाही. त्यांनी आपल्यावर भरवसा ठेवून कपडे काढलेले असतात. सासऱ्याने स्वतः तसंच केलं होतं. एका सकाळी चुकला आणि संध्याकाळी फळ्यांच्या बाजूची खोली रिकामी करून मागच्या अंधाऱ्या खोलीत गेला.

फळ्यांच्या बाजूची खोली म्हणजे काकूची खोली. फळ्या ज्याच्याकडे, खोली त्याची, असा तिथला नियम. तिला पन्हळीकडे उघडणारी एक खिडकी होती. खिडकीला लागून खाट, खाटेखाली पत्र्याची पेटी, भिंतीवर दोन खुंट्या, एक कपड्यांना आणि एक हातोडीला. त्या खिडकीतून पाण्याचा आवाज यायचा आणि खार साचायला लागला की आवाज बदलायचा. काकू म्हणाली, झोपेत आवाज बदलला तर तिला जाग येते. मागच्या खोलीत धाकटी राहायची. तिथे ऐकू यायचं ते चिटणिसाच्या कोंबड्यांचं.

गवंड्याला स्वतःची एक गोष्ट आठवली होती, आणि ती त्याने आजवर लेकीलाही सांगितलेली नव्हती.

गवंड्याचा स्वतःचा एक नियम होता, आणि तो काकूच्या नियमाएवढा शहाणा नव्हता. परांचीवर चढलेला गवंडी जड झालं, तापलं, लागलं असं कधी म्हणत नाही. जो म्हणतो त्याची खाली उतरल्यावर महिनाभर थट्टा होते. चाळीस वर्षांत हे अंगात इतकं भिनलेलं होतं, की दंतवैद्याकडे दाढ उपटतानाही त्याने "मजेत आहे" असं सांगितलं होतं. पाण्यात उतरताना काकू विचारायची, कसं आहे? तो म्हणायचा, छान आहे. रोज छान.

सहाव्या दिवशी सकाळी हवा कोंदलेली होती. झाडाचं पान हलत नव्हतं, आणि असल्या हवेत वेढ्यांतलं पाणी लवकर निवत नाही. छोट्या टाक्यावर पहिली पाळी गवंड्याची आणि दुसरी काठीवाल्या आजींची. त्या आजी ऐंशीच्या, वाळक्या, दोन काठ्यांवर चालणाऱ्या. काकूने कोपर बुडवलं. एक, दोन, तीन, शांतपणे दहापर्यंत गेली. "उतरा," म्हणाली.

गवंड्याने पाय घातला आणि त्याच्या टाळूपर्यंत कळ गेली. त्याला वाटलं, आज आपलेच पाय कच्चे असतील. काकूने दहा मोजलेत. तो उतरला, मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत. दात आवळून धरले. मनातल्या मनात विटांचे थर लावायला लागला, जसा तो कामावर कठीण वेळी लावायचा. अकरा थर झाले. घाम डोळ्यात उतरला.

"कसं आहे?"

"छान आहे."

चौदाव्या थराला तो बाहेर आला. म्हणाला, आज लवकर जेवायचं आहे. पंचा गुंडाळून बाकावर बसला. पंच्याखाली मांड्यांपासून घोट्यांपर्यंत कातडी लालबुंद झाली होती.

इकडे धाकटीने आजींच्या काठ्या घेतल्या आणि त्यांना धरून काठाशी आणलं. काकूने पुन्हा कोपर बुडवलं, पुन्हा दहापर्यंत मोजलं. आजींनी एक पाय उचलला. तो पाय गवंड्याला दिसला. नळीसारखा, निळ्या शिरांचा, वर कातडी नावाला.

"थांबा," गवंडी म्हणाला.

तिघीही वळल्या.

"गरम आहे," तो म्हणाला. एवढे दोन शब्द काढायला त्याला जेवढा जोर लागला, तेवढा सिमेंटची गोणी दुसऱ्या मजल्यावर न्यायला लागत नसे.

काकूच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने कोपर पुन्हा बुडवलं, त्याच्याकडे बघत बघत दहा मोजले, आणि एवढंच म्हणाली, की गवंडीबुवांच्या खांद्याबरोबर आता कातडीही नाजूक झालेली दिसते. धाकटी फिसकन हसली. गवंड्याने पंचा गुडघ्यांच्या वर सारला.

हसणं तिथेच थांबलं.

काकू त्याच्या पायांकडे बघत राहिली. मग तिने डावी बाही वर केली आणि डावं कोपर पाण्यात घातलं. एक. दोन. तीनच्या आधी कोपर बाहेर आलं होतं, तिने काढायचं ठरवण्याआधीच.

काकूने आजींना बाकावर बसवायला सांगितलं. मग एकामागून एक पाचही फळ्या उचलल्या, रोजच्यासारख्याच, गुडघ्यात बसून, पायांच्या जोरावर. नंतर कुंपणाच्या भिंतीमागे गेली. गवंडी पंचा सावरत तिच्या मागे गेला. झऱ्याच्या तोंडाशी एक काळा दगड होता, वाफेने सतत तापलेला. काकूने त्यावर उजवं कोपर टेकवलं. चार-पाच वेळा श्वास घेण्याइतका वेळ तसंच ठेवलं. मग उचलून बघितलं. कोपरावरची कातडी पांढरी, जाड, टाचेसारखी झालेली होती. वर्षानुवर्षं रोज तीच जागा कढत पाण्यात. तिला काहीच कळत नव्हतं.

"केव्हापासून, कोण जाणे," ती म्हणाली. "सवयीने मोजत होते."

गवंडी जवळच्या दगडावर बसला. पाय पेटले होते, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. तो म्हणाला, की डावं कोपर शाबूत आहे. उद्यापासून डावं वापरायचं. पाहिलं ते चौघांनीच, आजींना ऐकू कमी येतं, धाकटीला सांगता येईल. तो स्वतः तर कुठे बोलणार नाही.

काकू म्हणाली, "उजवं गेलं ते मला कळलं का? डावं जाईल तेही कळणार नाही."

तेव्हा गवंड्याने आपली गोष्ट सांगितली. काम सोडण्याआधी दीड वर्षं त्याला ओळंब्याची दोरी धूसर दिसायला लागली होती. ओळंबा म्हणजे गवंड्याचा डोळा. तो सोडायचा, बघितल्यासारखं करायचा आणि हाताच्या सवयीवर भिंत चढवायचा. बहुतेक भिंती सरळ आल्या. एक आली नाही. दोन बोटं बाहेर झुकली. तो घरी बसल्यावर दुसऱ्या गवंड्याने ती पाडून पुन्हा बांधली आणि लोक म्हणाले, पाया खचला असेल. तेही त्याने ऐकून घेतलं. कुणाच्या अंगावर पडली नाही हे नशीब, अक्कल नव्हे.

"मी दीड वर्ष लपवलं," तो म्हणाला.

काकूने बाही खाली ओढली, बटण लावलं. "मग तुम्हाला माहीत आहे लपवून झोप कशी लागते ते," ती म्हणाली आणि कचेरीकडे निघाली.

गवंड्याला आत जायचं कारण नव्हतं, पण कचेरीची खिडकी उघडी होती आणि बाक खिडकीखालीच. चिटणीस माणूस वाईट नव्हता. तो आधी घाबरला, मग समजूत काढायला लागला. पाहुण्यांचे दिवस आहेत, अजून तीन आठवडे गर्दी राहणार, लोक काकूच्या भरवशावर येतात, आताच बोभाटा झाला तर उद्या कोण पाण्यात पाय घालेल? तीन आठवडे डाव्या कोपराने रेटा, मग बघू, गाजावाजा न करता. एवढंसं तर आहे. त्याच्या आवाजात दटावणी नव्हती, काकुळतीच होती.

काकूने ते सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "चिटणीस, तुमच्या आईला मी रोज उतरवत होते पाण्यात. तेव्हा हेच कोपर होतं. तेव्हा तुम्ही तीन आठवडे थांबला असता?"

चिटणिसाने विचारलं, की नवा तापमापक आज तालुक्याहून मागवू का. काकू म्हणाली, दोन वर्षांपूर्वीच मागवायला हवा होता, आणि मीही तुमच्या मागे लागायला हवं होतं. पण आज मागवलात तरी चालेल.

दुपारी जेवणाआधी ती तिन्ही टाक्यांपाशी जाऊन आली. पाण्यात बसलेल्या, बाकावर पाळीची वाट बघणाऱ्या प्रत्येकाला तिने स्वतः सांगितलं, की आज तिचं कोपर चुकलं, एक जण भाजता भाजता वाचला, तिच्या हातून आता पाण्याची पारख होणार नाही. आवाज चढवला नाही आणि पाडलाही नाही. उद्या कोणत्या टाक्याची फरशी घासली जाणार हे जसं ती सांगायची, तसंच हेही सांगितलं. दोन पाहुण्यांनी त्याच दिवशी सामान बांधलं. बाकीचे राहिले. काठीवाल्या आजींना धाकटीने कानात ओरडून सगळं समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, मग आता कोण मोजणार?

हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता. काकूने धाकटीकडे बघितलं.

धाकटीने आधी कानावर हात ठेवले. पंधरा वर्षं माझं कोपर घाईचं होतं, ती म्हणाली, ते आज दुपारी एकदम शहाणं कसं झालं? जमणार नाही. आणि तिचा रागही खोटा नव्हता. पंधरा वर्षं एखाद्याला दारात उभं करायचं आणि घराला आग लागली की आत बोलवायचं, याला काय म्हणावं?

काकूने ते सगळं बोलू दिलं. मग म्हणाली, की चूक तिची होती. सासऱ्याने तिला सहा वर्षं शेजारी बसवून शिकवलं होतं. तिने धाकटीला एक दिवससुद्धा शिकवलं नाही, कारण शिकवलं असतं तर दोन कोपरं झाली असती, आणि दोन झाली असती तर एकाचं चुकलेलं दुसऱ्याला तेव्हाच कळलं असतं. "मला एकटीलाच बरोबर असायचं होतं," ती म्हणाली.

धाकटीने हातातला पंचा दोनदा पिळला. त्यात पाणी उरलेलंच नव्हतं. "बाही कुठवर दुमडायची?" तिने विचारलं.

त्याच संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, काकूने खोली सोडली. धाकटी म्हणाली, कशाला, मी मागेच बरी आहे, मला कोंबड्यांची सवय झाली आहे. काकू म्हणाली, ज्याने फळी उचलायची त्याने पाण्याचा आवाज ऐकायचा. पेटी जड होती. एका बाजूने चिटणिसाने धरली, दुसऱ्या बाजूने गवंड्याने, आणि खांदा दुखतो हे त्याच्या ध्यानात आलं ते पेटी ठेवल्यावर. खुंटीवरची हातोडी काकूने स्वतः नेली. खार तासायला कोपर लागत नाही, मनगट लागतं, आणि मनगट अजून तिचं होतं.

पुढचे तीन दिवस छोटं टाकं बंद होतं. मोठ्या टाक्यांत काठाकाठाने, बेताच्या पाण्यात लोक बसत. नवा तापमापक आला. काकूने धाकटीला तापमापकही वापरायला लावलं आणि कोपरही. आकडा एका जागेचा असतो, ती म्हणाली, कोपर काठाने फिरवता येतं. फळी किती उचलायची, वारा असताना किती, पाऊस असताना किती, कोणता वेढा लवकर खार धरतो, हे सगळं ती सांगत होती आणि धाकटी बडबडत, कुरकुरत, पण एकही गोष्ट न विसरता करत होती. पहिल्या दिवशी तिने कमरेतून फळी उचलली. काकूने तिच्या पाठीत चापट मारली. दुसऱ्या दिवशी चापट मारावी लागली नाही. गवंडी पायाला मलम लावून बाकावर बसून हे बघत होता. लेकीचं सांगणं त्याने मोडलं नाही. शिकवण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतंच. काकूची छिन्नी मात्र त्याने मागून घेतली आणि दोन तास घासून तिला अशी धार लावून दिली, की काकूने ती नखावर फिरवून पाहिली आणि मान हलवली. कुणी कौतुक केलं म्हणजे गवंडी अवघडायचा. हे मान हलवणं त्याला पुरलं.

दहाव्या दिवशी सकाळी छोटं टाकं उघडलं. लेक पहाटेच्या बसने आली होती आणि बाकावर चहा पीत बसली होती. बाबांनी पहिल्या पाळीला स्वतःहून नाव दिलं, हे ऐकून ती चाट पडली.

धाकटीने काठावर गुडघे टेकले, तापमापक पाहिला, कोपर बुडवलं आणि मोजायला लागली. पलीकडे तिसऱ्या वेढ्यात काकू खार तासत होती, इकडे पाठ करून. धाकटी एक म्हणाली तेव्हा हातोडी पडली. दोन म्हणाली, पुन्हा पडली. गवंड्याच्या लक्षात आलं, की प्रत्येक आकड्याला एक ठोका पडतो आहे, एकाच मापाचा, हलका. पाच. सहा. सात. सातानंतर गवंड्याने श्वास धरला. आठ आला, आठच आला, आणि आठाला धाकटीने कोपर काढलं. नववा ठोका पडला नाही.

धाकटीने उठून चौथी फळी उचलली, गुडघ्यात बसून, छातीशी धरून. मग थांबली. बराच वेळ थांबली. लेकीचा चहा संपला. पुन्हा कोपर बुडवलं. या वेळी दहा आले आणि दहा ठोके पडले.

गवंडी उतरला. कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत.

"कसं आहे?" धाकटीने विचारलं.

तो उत्तर द्यायला तोंड उघडणार एवढ्यात थांबला. जे रोज यायचं ते जिभेच्या टोकावर होतं. त्याने ते मागे घेतलं, पाण्यात हात फिरवून बघितला आणि म्हणाला, "डाव्या कोपऱ्यात जरा गरम लागतंय."

लेकीने कप खाली ठेवला. अडतीस वर्षांत तिने बाबांच्या तोंडून असलं काही ऐकलं नव्हतं.

धाकटी वाद न घालता डाव्या कोपऱ्याशी गेली, कोपर बुडवलं, मोजलं, आणि पलीकडे पाठ करून बसलेल्या बाईला हाक मारली, "जाऊबाई, डावीकडे नऊ येतात."

"मला काय सांगतेस," काकू म्हणाली. "फळीला सांग."

आणि हातोडी पुन्हा चालू झाली.